आमवात, टी-स्कोअर −२.१ आणि खुब्याचं हाड

प्रश्न (मंजिरी_प):
स्त्री, वय ६३, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आमवात) १२ वर्षं. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) रोज ५ मिग्रॅ, मेथोट्रेक्सेट (आमवाताचं औषध) आठवड्याला १५ मिग्रॅ. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोअर: मणका −१.२, मांडीच्या हाडाची मान −२.१. −२.५ (ऑस्टिओपोरोसिसची हद्द) पर्यंत आकडा गेलेला नाही, तरी अलेंड्रोनेट ७० मिग्रॅ (हाडाची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी) लिहून दिलंय. नुसतं कॅल्शियम पुरणार नाही का?

सांधेदुखी_वाचक:
नाही पुरणार. या आजारात हाड किती विरळ झालंय एवढंच बघून चालत नाही. सांध्यातला दाहच हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतो, आणि स्टेरॉइडमुळे नवं हाड बनणं मंदावतं. म्हणून टी-स्कोअर बरा दिसत असतानाही खुबा मोडतो. धोका साधारण दुप्पट. फ्रॅक्समध्ये (हाड मोडण्याचा धोका मोजणारी प्रश्नावली) आमवात आणि स्टेरॉइड असे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हींना ‘हो’ म्हणा. मणक्याच्या −१.२ वर विसंबू नका, या वयात मणक्याला वाढलेल्या हाडांमुळे आकडा फुगतो. कॅल्शियम आहार धरून दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ हवंच, पण जोडीला.

औषधवेळ:
गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा-दूध नको. पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर द्या. गोळीसोबत दिलं तर गोळी शोषलीच जात नाही. मेथोट्रेक्सेटचा वार वेगळा ठेवा आणि दोन्ही वार कॅलेंडरवर लिहा. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), ड जीवनसत्त्व आणि दात तपासून घ्या. अर्धा तास ताठ बसवत नसेल तर वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिग्रॅ शिरेतून देतात. डेनोसुमॅब (हाडांसाठीचं दुसरं इंजेक्शन) निवडलं तर दर ६ महिन्यांची तारीख चुकवू नका, थांबवल्यावर मणके मोडू शकतात.

खुबा_आणि_चाल:
जांघेत नवं दुखणं सुरू झालं, पाय टेकवताना कळ आली, तर ‘आमवातच असेल’ म्हणून सोडू नका. एक्स-रे स्वच्छ असला तरी बारीक चीर किंवा स्टेरॉइडमुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो; एमआरआय मागा. हाड मोडून शस्त्रक्रिया ठरलीच, तर भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी आवर्जून सांगा: स्टेरॉइड चालू आहे (ते अचानक बंद करायचं नाही) आणि मानेचा एक्स-रे हवा, कारण आमवातात वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. मांडीच्या हाडाची मान सरकून मोडली असेल तर स्क्रूपेक्षा सांधा बदलणं बहुधा बरं. ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाहीत. आणि काठी घ्यायची झाली तर कोपरापासून पुढचा हात टेकता येईल अशी घ्या, साध्या मुठीवर वाकड्या बोटांची पकड बसत नाही.