‘संयुक्त संस्थाने’ : अमेरिकेत संस्थानं होती का?

प्रश्न : मराठी विश्वकोशात ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ असं नाव आहे. संस्थान म्हटलं की सांगली, औंध, कोल्हापूर आठवतात. अमेरिकेच्या इतिहासावर लिहिताना हा शब्द वापरावा का?

उत्तर : वापरायला हरकत नाही. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तेरा इंग्रज वसाहतींनी स्वतःला स्वतंत्र राज्यं म्हणवून घेतलं. 1781 मध्ये अमलात आलेल्या महासंघाच्या करारनाम्याचं, म्हणजे या राज्यांना एकत्र बांधणाऱ्या पहिल्या कराराचं, दुसरंच कलम सांगतं की प्रत्येक राज्याचं सार्वभौमत्व त्याच्याकडेच राहील. काँग्रेसला, म्हणजे सगळ्या राज्यांच्या सामाईक सभेला, कर बसवण्याचाही अधिकार नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे आणि जे हाती येईल त्यात भागवायचं. आपला कारभार आपण पाहणारा प्रदेश, या अर्थानं संस्थान शब्द बसतो.

दुसरं उत्तर : मला नाही पटत. आपल्या संस्थानांत गादी होती, पण सार्वभौमत्व इंग्रजांकडे. तिकडे नेमकं उलटं : सार्वभौमत्व होतं, गादी नव्हती. 1787 च्या राज्यघटनेनं तर सरदारकीचे किताब द्यायला केंद्र आणि राज्यं दोघांनाही मनाई केली आणि प्रत्येक राज्याला प्रजासत्ताक पद्धतीची हमी दिली. अशा राज्याला संस्थान म्हटलं तर वाचकाच्या मनात राजा उभा राहणारच.

पहिले उत्तरकर्ते : गादीचा मुद्दा मान्य. वंशपरंपरेनं चालणारा कारभार शोधायचाच तर तो 1776 च्या आधी, मालकी वसाहतींत, म्हणजे राजानं एखाद्या व्यक्तीला किंवा घराण्याला दिलेल्या वसाहतींत, सापडतो. मेरीलँड 1632 मध्ये बाल्टिमोर घराण्याला मिळालं. विल्यम पेनच्या वडिलांचं इंग्लंडच्या राजाकडे येणं होतं, त्यापोटी राजा दुसऱ्या चार्ल्सनं 1681 मध्ये त्याला पेनसिल्व्हेनिया दिलं. कायद्यांना निवडून आलेल्या सभेची संमती लागे, तरी मालकी पेन घराण्यातच राहिली. तिथं ‘जहागीर’ शब्द जवळचा वाटतो. मात्र तिथं लेनापे हे मूळनिवासी लोक आधीपासून राहत होते, ते या शब्दात दिसत नाहीत. त्यांचा उल्लेख वेगळा करायलाच हवा.

प्रश्नकर्ते : मग लेखात नेमकं काय लिहू?

दुसरे उत्तरकर्ते : 1776 पर्यंत ‘वसाहत’, त्यानंतर ‘राज्य’, आणि 1789 मध्ये नवी घटना लागू झाल्यावर ‘घटकराज्य’. हा शब्द आपल्या नागरिकशास्त्रात रुळलेला आहे. पण 1789 हे साल सगळ्यांना सरसकट लावू नका. त्या वर्षी एप्रिलमध्ये वॉशिंग्टननं अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड यांनी घटना मंजूर केलेली नव्हती. ऱ्होड आयलंडला ‘घटकराज्य’ म्हणायचं ते मे 1790 पासून.