प्रति: धर्म गेला की भांडणं संपतील?

धर्मच नसेल तर माणसं भांडतील कशावरून, असं वर म्हटलंय. मी स्वतः नास्तिक, तरी हे काही पटत नाही. अल्बेनियात हा प्रयोग होऊन गेलाय. १९६७ साली तिथल्या कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजाच्या राजवटीनं मशिदी आणि चर्च बंद केली, काहींची तर गोदामं झाली. १९७६च्या घटनेत राज्य कुठलाही धर्म मानत नाही असं लिहूनच टाकलं. आणि शांतता? धर्मगुरू तुरुंगात, काहींना गोळ्या, वर शत्रू येईल या धास्तीनं देशभर काँक्रीटचे हजारो बंकर.

अर्थात ते लादलेलं होतं, आपण स्वतः विचार करून बाहेर पडलो, हा फरक आहेच. पण देव सोडल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मी घरच्यांशी जितका भांडलो (बहुतेक वेळा सुरुवात माझीच), तितका आस्तिक असताना कधी कुणाशी भांडलो नव्हतो.