मदत हवी आहे : मिराज २००० च्या प्रतिकृतीवरील डिकल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या गच्चीवरून, १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर लेसर-नियंत्रित बॉम्ब टाकणारी मिराज २००० विमाने पाहतच मी लहानाचा मोठा झालो, म्हणून त्याच विमानाची १:७२ प्रमाणातील प्लास्टिक प्रतिकृती मी अत्यंत मनापासून जोडली आहे. मात्र मॅट करड्या ॲक्रिलिक रंगावर चकचकीत वार्निशचा थर न देताच मी डिकल (म्हणजे पाण्यात भिजवून प्रतिकृतीवर बसवायची पातळ छापील चित्रे) चिकटवले आणि खरबरीत पृष्ठभागात हवा अडकून पंखांवरील तिरंगी वर्तुळांभोवती चंदेरी झाक उमटली. शेपटीवरचा तिरंगा सुदैवाने नीट बसला आहे. सुईने बारीक छिद्रे पाडून त्यांत डिकल मऊ करणारे द्रावण सोडल्यास ही हवा निघेल का, की डिकल काढून वार्निशपासून पुन्हा सुरुवात करावी? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.