मदत हवी आहे: गेटच्या आत फक्त कृष्णवर्णीय ड्रायव्हरलाच का अडवतात?

आम्ही डॅलसजवळ गेट असलेल्या वसाहतीत राहतो. गेल्या महिन्यात आमचं सामान घेऊन आलेल्या कृष्णवर्णीय ड्रायव्हरला एका शेजाऱ्याने गाडी आडवी लावून थांबवलं. गेटचा कोड कोणी दिला, कुठल्या घरी निघालास, पार्सल दाखव! कोड मीच दिला होता. मी धावत जाऊन सांगितलं तेव्हा कुठे गाडी हलली. त्याच दुपारी आलेल्या गोऱ्या मुलाला मात्र कोणी साधं नावही विचारलं नाही.

मे २०२० मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या अशाच एका वसाहतीत हेच झालं होतं. तिथल्या ड्रायव्हरने सगळं फेसबुकवर लाइव्ह दाखवलं, म्हणून जगाला कळलं. ग्राहकाची माहिती देणार नाही, यावर तो ठाम राहिला.

आता आमच्या एचओएसमोर (म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेसमोर) 'संशयास्पद गाड्यांचे फोटो ग्रुपवर टाका' असा ठराव येतोय. (संशयास्पद कोण, हे न बोलता सगळ्यांना कळतं.) कोणी एचओएच्या बोर्डावर आहे का? विरोधाचं पत्र कसं लिहावं? फेअर हाउसिंग कायदा (घरांच्या बाबतीत भेदभावाला बंदी घालणारा) मुख्यतः घर विकण्या-भाड्याने देण्याबद्दल आहे, मग इथे १८६६ चा नागरी हक्क कायदा (वंश न पाहता करार आणि मालमत्तेचे समान हक्क देणारा) लागू पडेल का? वकील मंडळींनी जरूर सांगा. आणि डिलिव्हरी कंपनीला कळवलं तर आमच्याकडे आलेल्या त्या बिचाऱ्या ड्रायव्हरचाच रूट तर काढणार नाहीत ना?

"आपण बाहेरचे, दुर्लक्ष करा" हा सल्ला कृपया नको. मागच्या उन्हाळ्यात फिरायला निघालेल्या माझ्या बाबांनाही याच शेजाऱ्याने हटकलं होतं.