ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीचे टायर आणि शॉकअप : घरी हात घालावा की नाही?

मिशिगनचा नाना

विषय सुबारू डब्ल्यूआरएक्स आणि एसटीआय, मित्सुबिशी इव्हो, टोयोटा जीआर कोरोला असल्या गाड्यांचा आहे. चारही चाकांना ताकद जाते आणि मालकाला ती वापरायची खाज असते, अशा गाड्या.

माझं मत सरळ सांगतो. या गाड्यांची टायरची सगळी आणि सस्पेन्शनची निम्मी कामं मालकाने घरीच करावीत. पैसे वाचतात हा मुद्दा गौण. टायरच्या दुकानातल्या पोराला दिवसभरात पंचवीस गाड्या उरकायच्या असतात. तुमच्या गाडीच्या मधल्या डिफरन्शियलचं (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) काय होतं याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं.

साध्या गाडीत एक टायर कामातून गेला की जोडी बदलली, विषय संपला. इथे तसं चालत नाही. सुबारूचा दंडक असा की चारही टायरच्या परिघात पाव इंचाहून जास्त फरक नको. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. दोन पायने भागा, त्रिज्येत फरक उरतो जेमतेम एक मिलिमीटर! आता नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. तुमचे तीन टायर ४ मिमीवर आले असताना चौथा कोरा बसवला तर काय होईल, सांगा. दुकानदार बसवून देतो, हात झटकतो. आणि मॅन्युअल डब्ल्यूआरएक्सच्या मधल्या डिफरन्शियलमधलं सिलिकॉन तेल, लहान-मोठी चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरत असल्यामुळे, रोज तापत राहतं.

शिवाय इथे थंडी आहे. समर टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक होतं, त्यामुळे दोन संच ठेवावेच लागतात आणि वर्षातून दोनदा चारही चाकं उतरतातच. उतरलीच आहेत तर शॉकअप ओला दिसतोय का, बुश (सांध्यातलं रबर) चिरलाय का, टायर आतल्या कडेने खाल्लाय का, हे मालकाने नाही बघायचं तर कोणी? स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) लिंक, अख्खा स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र) बाहेर काढून तयार जोडणीचा नवा बसवणं, एसटीआयच्या उलट्या स्ट्रटमध्ये ग्रीस भरणं (ते सुकलं की टकटक आवाज येतो), ही कामं गॅरेजमध्ये शनिवारी सकाळी आरामात होतात.

बोला.

कोथरूडकर

नाना, तुमच्याकडे गॅरेज आहे. आमच्याकडे सोसायटीचं पार्किंग आहे, त्यात दोन खांबांच्या मधे गाडी लावल्यावर दार उघडून बाहेर यायला पोट आत घ्यावं लागतं. तिथे जॅक लावून आडवा झालो तर वॉचमन आधी रुग्णवाहिका बोलावेल.

गंमत सोडा. माझ्याकडे बीएमडब्ल्यू एम३४०आय आहे. पुढे २२५/४५ आर१८, मागे २५५/४० आर१८, म्हणजे पुढची चाकं मागे नेण्याचा प्रश्नच निकालात. सस्पेन्शनचे कितीतरी बोल्ट एकदा सोडले की पुन्हा वापरायचे नसतात, नवेच लावायचे. ते बोल्ट पुण्यात हातात पडेपर्यंत गाडी काय विटांवर ठेवू? गाडी घेतानाच आपण सर्व्हिस सेंटरचा खर्च धरलेला असतो. मग अंगाला काळं का फासायचं?

दोनविशबोन

मी सस्पेन्शनच्याच धंद्यात आहे, म्हणून नानांच्या 'निम्म्या कामां'वर जरा बोलतो. टायरबद्दल शंभर टक्के सहमत. सस्पेन्शनबद्दल नाही.

घरी काम करणारे जवळजवळ सगळे एक गोष्ट चुकवतात. कंट्रोल आर्मच्या (चाक गाडीला जोडणारा दांडा) बुशमधलं रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी स्टँडवर आहे, चाक लोंबतंय आणि त्याच अवस्थेत तुम्ही बोल्ट आवळला, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. आवाज काही नाही, गाडीही सरळ चालते. बुश मात्र वेळेच्या खूप आधी फाटतो आणि मालक फोरमवर लिहितो, "लोकल माल होता." शेवटचं आवळणं गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच व्हायला हवं. लिफ्ट नसेल तर आर्मखाली जॅक देऊन चाकाची उंची नेहमीइतकी आणावी लागते. हे कितीजण करतात?

दुसरं, सुबारूच्या पुढच्या स्ट्रटचा वरचा बोल्ट विकेंद्री असतो, त्यानेच कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) ठरतो. सोडण्याआधी खूण केली तरी पुन्हा तंतोतंत तिथे बसत नाही. म्हणजे अलाइनमेंटला जायचंच. मग निम्मं काम दुकानातच झालं की.

आणि स्प्रिंग. दाबलेली कॉइल स्प्रिंग हातातल्या, दोन हुकांच्या कॉम्प्रेसरने सोडवायची कल्पना ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी कृपया सोडून द्यावी. नानांनी 'तयार जोडणीचा' म्हटलंय, ते ठीक.

टायरवाला_नाशिक

"दुकानातल्या पोराला घेणंदेणं नसतं." वा! पंधरा वर्षांपूर्वी मी तोच पोरगा होतो, आता दुकान माझं आहे. थोडं आमच्याही बाजूने ऐका.

एक टायर बसवू नका, चार घ्या, असं सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं हा लुटतोय. ऑनलाइन दोन टायर मागवून आणतात, माप तेच, कंपनी वेगळी. माप तेच असलं तरी दोन कंपन्यांच्या टायरचा परीघ सारखा नसतो हो! बीएमडब्ल्यूवाले टायरवर ताऱ्याची खूण बघून घ्या सांगतात, पोर्शेवाले 'एन'ची, ते उगाच नाही. नाही म्हटलं तर शेजारच्या दुकानात जाऊन बसवून घेतात. मग डिफरन्शियल गेलं की दोष पोराचा.

एक मात्र कबूल. हवेच्या गनने नट ठोकून सोडून देणारी दुकानं आहेत, भरपूर आहेत. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) दिसला नाही तर उठून निघा.

शंकासुर

पॉपकॉर्न संपले म्हणून लिहायला घेतलं.

मला हा परिघाचा बाऊ वाटतो. डिफरन्शियल हा प्रकारच मुळात चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देण्यासाठी शोधलाय. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त पळतं. दीड मीटर ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) आणि ५० मीटर त्रिज्येचं वळण धरलं तर हा फरक ३ टक्के. तुमच्या ४ मिमीने पडणारा फरक किती? २४५/४० आर१८ टायरचा व्यास ६५३ मिमी, परीघ २०५० च्या आसपास. ४ मिमी झिजेने परिघात २५ मिमी कमी. १.२ टक्के. ताम्हिणीच्या एका वळणात गाडी यापेक्षा जास्त सहन करते. चार टायर खपवायला हा नियम बरा आहे, एवढंच.

दोनविशबोन

शंकासुर, आकडेमोड बरोबर आहे, पण ती चुकीच्या डिफरन्शियलची आहे.

तुमचे ३ टक्के हे डावी-उजवीकडचे. ते मागच्या आणि पुढच्या डिफरन्शियलमध्ये जिरतात. मधलं डिफरन्शियल बघतं ते पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या सरासरीतला फरक. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २.६५ मीटर धरा. मागचा अॅक्सल ५० मीटरच्या वर्तुळावर असताना पुढचा ५०.०७ मीटरवर असतो. फरक ०.१४ टक्के! एक कोरा टायर मागे लावला तर मागच्या सरासरीत १.२ च्या निम्मा, म्हणजे ०.६ टक्के फरक पडतो. त्या वळणापेक्षा चौपट. आणि वळण चार सेकंदांत संपतं. टायर समृद्धीवर नागपूरपर्यंत सरळ रस्त्यात तसाच असतो.

पार्किंगमध्ये पूर्ण स्टीअरिंग कापून वळताना पुढच्या-मागच्यातला फरक ३ टक्क्यांच्या खूप वर जातो, हे खरं. पण तेव्हा वेग माणसाच्या चालीचा असतो. व्हिस्कस कपलिंगला (नानांनी सांगितलेलं सिलिकॉन तेल असतं तो भाग) फरक किती यापेक्षा तो किती वेळ आणि किती वेगाने चालू राहतो हे जास्त बाधतं.

कोथरूडकर

या हिशेबात एक्सड्राइव्ह (बीएमडब्ल्यूची ऑल-व्हील ड्राइव्ह) कुठे बसतं? त्यात मधे डिफरन्शियल नाही, क्लचच्या चकत्या आहेत.

दोनविशबोन

तिथे ते आणखी वाईट. चकत्या कायम थोड्या घसरत राहतात आणि झिज ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) पोटात जाते. तुमच्या गाडीत मजा बघा: पुढच्या टायरचा व्यास ६५९.७ मिमी, मागच्याचा ६६१.२. रुंदी वेगळी, पण व्यास मुद्दाम जवळजवळ सारखा ठेवलाय. ताकद जास्त करून मागे जाते म्हणून मागचे आधी झिजतात, आणि पुढे-मागे अदलाबदल करून ते सारखे करण्याची सोय नाही. म्हणजे वर्षभराने तुमच्या गाडीत तोच फरक आपोआप तयार होतो. तुम्हीच नक्षी मोजायला हवी, सगळ्यात आधी.

रेनियरची_मुलगी

माझी जीआर कोरोला आहे, सिएटलजवळ राहते, चाकं घरीच बदलते. नानांच्या बाजूने आहे, पण सुरक्षेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पहिलं, दोनच चाकं वर उचलून इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. कधीच नाही. फक्त पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीवर शिकलेली माणसं 'चाक फिरवून आवाज ऐकू' म्हणून हे करतात. इथे जमिनीवर टेकलेली चाकंही ओढतात आणि गाडी स्टँडवरून उडी मारते.

दुसरं, स्टँड स्वस्तात मिळाला म्हणून घ्यायचा नाही. २०२० साली अमेरिकेत एका मोठ्या अवजार-साखळीचे लाखो स्टँड परत मागवले गेले, कारण दात्यात पकड नीट बसत नव्हती. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला. स्टँड लावल्यावर गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवायची, उतरवलेलं चाक दाराखाली आडवं सरकवायचं, आणि मगच खाली हात घालायचा.

तिसरं, टॉर्क रेंच. २०१५ नंतरच्या डब्ल्यूआरएक्सला १२० न्यूटन-मीटर. स्वतःच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, माझ्या नाही तर कुणा यूट्यूबवाल्याच्या भरवशावर राहू नका. नट चांदणीच्या क्रमाने आवळायचे, गाडी खाली आल्यावर पुन्हा, आणि थोडं चालवून झाल्यावर परत एकदा तपासायचे.

@कोथरूडकर, तुमच्या वॉचमनशी मी बोलू का? :)

वकीलबुवा

अवांतर नाही, मुद्द्याचंच. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे 'तुम्ही घरी काम केलंत, वॉरंटी रद्द' असं डीलर सरसकट म्हणू शकत नाही. बिघाड त्या कामामुळेच झाला हे त्याला दाखवावं लागतं. नाना तिथे शूर आहेत त्याचं हेही एक कारण. भारतात मालकाने वॉरंटीची पुस्तिका आधी नीट वाचावी. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलंय. कंपनीच्याच मापाचा शॉकअप बदलणं ही दुरुस्ती झाली. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) टाकून गाडी दोन इंच खाली बसवली की विमावाल्याच्या हातात कोलीत दिलंत.

शंकासुर

मधल्या डिफरन्शियलचा मुद्दा मान्य. पण मग तुमचा नियम पाळायचा तर खिळ्याने एक टायर कडेला फाटला की चारही फेकायचे? पंचवीस हजाराला एक पडतो. हे मला अजूनही पटत नाही.

मिशिगनचा नाना

फेकायचे नाहीत. इथे नवा टायर यंत्रावर तासून जुन्यांच्या खोलीला आणून देतात, त्याला शेव्हिंग म्हणतात. नक्षी वाया जाते, पण तीन टायर वाचतात.

दोनविशबोन, बुशचा मुद्दा वादातीत आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो! लोंबत्या चाकावर बोल्ट आवळणारं दुकान मी डोळ्यांनी पाहिलंय, ते दुकानही लिफ्टवरच काम करत होतं. वेळ कुणाकडे आहे जॅक लावून उंची मोजायला? माझ्याकडे आहे. अलाइनमेंट दुकानात करावी लागते, बरोबर. पण अलाइनमेंट करायला जाणं आणि गाडी तीन दिवस सोडून येणं यात फरक आहे. जाताना छापील आकडे मागून घ्यावेत, आधीचे आणि नंतरचे दोन्ही. 'हिरवं आलं साहेब' यावर समाधान मानू नये. टो (चाकाचं तोंड सरळ रेषेपासून आत-बाहेर वळलेलं असणं) थोडा जरी बाहेर राहिला तरी टायरची आतली कड काही हजार किलोमीटरमध्ये दोऱ्यांपर्यंत जाते, आणि ती कड उभ्याने दिसत नाही.

दोनविशबोन

तुम्ही करता, मान्य. धागा वाचून उद्या जो पहिल्यांदा पाना उचलेल त्याची मला काळजी आहे. माझं मत कायम: टायर, लिंक आणि तपासणी घरी. आर्म आणि बुश लिफ्टवर, आणि शेजारी उभं राहून.

टायरवाला_नाशिक

शेव्हिंग आपल्याकडे सहज मिळत नाही. चारही मापं सारखी असतील तर माझा तोडगा: सुरुवातीलाच पाच टायर घ्या, एकाच कंपनीचे, एकाच खेपेचे. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, ते जुळवून घ्या. पाचव्यालाही फिरतीत घाला म्हणजे तोही सारखाच झिजेल. दिशेचा बाण असलेली नक्षी मात्र नको, तो टायर एकाच बाजूला चालतो. खर्च एकदाच टोचतो.

कोथरूडकरांसाठी पाच नाही, सहा लागतील. तेवढे ठेवायला पार्किंगमध्ये जागा आहे का?

कोथरूडकर

नाही. :) पण एक सांगा, नक्षी मोजायची ती मधे की कडेला? चाक न काढता जमतं का?

टायरवाला_नाशिक

तिन्ही ठिकाणी. आतली कड, मधला भाग, बाहेरची कड. पुढची चाकं पूर्ण वळवा, आतली कड समोर येते. मागच्यांना आडवं व्हावं लागेल, नाहीतर रॅम्प. डेप्थ गेज दोन-तीनशे रुपयांत मिळतं. मधला भाग जास्त झिजला असेल तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी, एकच कड असेल तर अलाइनमेंट. हवा सकाळी थंड टायरवर बघायची, पंपापर्यंत दहा किलोमीटर चालवून गेल्यावर नाही. १.६ मिमी ही कायद्याची हद्द आहे. पावसाळ्यात घाटात जाणार असाल तर ३ वर आल्यावरच बदला.

शंकासुर

रॅम्प कोथरूडच्या पार्किंगमध्ये मावतो का, यावर वेगळा धागा काढा.