हरणाची शिकार: धनुष्याने की बंदुकीने? (आणि थरार नक्की कुणाचा?)

रानवाट (विस्कॉन्सिन)

नोव्हेंबर जवळ आला की आमच्या ऑफिसात कामाचं बोलणं जवळजवळ थांबतं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवस चालतो. त्या नऊ दिवसांत पेट्रोल पंपावर, चर्चबाहेर, दातांच्या डॉक्टरकडे जिथे जाल तिथे भडक नारिंगी जाकिटं. धनुष्याचा हंगाम मात्र सप्टेंबरच्या मध्यालाच गुपचूप सुरू झालेला असतो.

मी पाच वर्षं दोन्ही करतोय. शेजारच्या आजोबांनी शिकवलं. वय ७४, आयुष्यभर गाई पाळल्या, आता नुसते गुडघे पाळतात. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरात कुणी कधी ससाही मारला नव्हता. कोंबडी कापायलासुद्धा शेजारच्या आळीतून माणूस यायचा. तेव्हा खानदानी शिकारी वगैरे मी नव्हे.

माझं मत सरळ सांगतो: खरा थरार धनुष्याचाच. बंदुकीचा थरार आवाजाबरोबर विरून जातो.

बंदुकीने पहिलं हरीण मारलं ते मक्याच्या कापलेल्या शेतापलीकडे, साधारण ११० यार्डांवर. दुर्बिणीच्या काचेत एक तपकिरी खांदा. बार काढला, हरीण जागच्या जागी बसलं. तिथपर्यंत चालत जाताना सारखं वाटत होतं की हे दुसऱ्याच कुणीतरी केलंय.

आता धनुष्याचं ऐका. ऑक्टोबरअखेर, ओकच्या झाडावर १८ फुटांवर बांधलेलं मचाण, अंगाला पट्टा. मादी आली ती २२ यार्डांवर. तिचं ओलं नाक दिसत होतं, डाव्या कानाची फाटलेली कड दिसत होती. दोर ओढायचा तो तिचा डोळा झाडाच्या बुंध्याआड गेला की मगच. कंपाउंड धनुष्याचा ताण ६० पौंडांचा असतो, पूर्ण ओढलं की चाकांमुळे हातावर बारा-एक पौंड उरतात. बारा पौंड म्हणजे काहीच नाही, असं मला दुकानात वाटलं होतं. ती थांबली. मिनिटभर नुसती थांबली. माझी मांडी थरथरायला लागली, तिच्याबरोबर मचाण, मचाणाबरोबर फांदी. बाण सुटला तेव्हा ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला. मग अर्धा तास हलायचं नाही, हा नियम. उतरून पाहिलं तर बाणावर गुलाबी फेस, म्हणजे फुप्फुस. वाळलेल्या पानांवर थेंब बघत सत्तर पावलांवर ती सापडली.

पाच वर्षांत बंदुकीने चार हरणं मारली, बाण दोनदाच सोडला. चारांतली तीन मला नीट आठवतही नाहीत. तुमचं काय मत?

---

खरवस

मत हरणाला विचारलंत का?

---

चिंचोके (पेनसिल्व्हेनिया)

खरवस, तुमचा प्रतिसाद येणार हे शीर्षकावरूनच कळलं होतं. पण मी शिकार करतो, दर वर्षी करतो, आणि तरी मला रानवाट यांचं पटत नाही.

जरा हिशेब करू. चांगल्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला २८० फुटांच्या आसपास जातो. दोराचा आवाज ११०० फुटांनी. २५ यार्डांवरच्या हरणाला आवाज आधी पोचतो आणि बाण त्यानंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने. तेवढ्यात हरीण पळायला अंग दाबतं आणि जिथे फुप्फुस होतं तिथे पाठ येते. उलट थर्टी-ऑट-सिक्ससारख्या रायफलची गोळी सेकंदाला २८०० फुटांच्या आगेमागे जाते. हरणाला लागते तेव्हा आवाज अजून वाटेतच असतो.

मेरीलँडमधल्या एका नौदल तळावर धनुष्याने शिकार होते आणि तिथे प्रत्येक बाणाची नोंद ठेवत आले आहेत. बाण लागूनही हाती न आलेली हरणं साधारण १८ टक्के. ही सगळी परीक्षा देऊन आलेली माणसं, हौशे-गवशे नव्हेत.

म्हणजे तुम्हाला जवळ जाण्याचा थरार हवा, त्याची किंमत भरणार हरीण. आणि बंदूक सोपी असते हे कुणी सांगितलं? उणे दहाला चार तास बसून बघा. बोट चापावर आहे की नाही हे डोळ्यांनी बघावं लागतं.

---

हातोडी

१८ टक्के हा आकडा मलाही माहीत आहे, पण त्यात दोष धनुष्याचा किती आणि लांबून बाण सोडणाऱ्याचा किती? बंदुकीने जबडा उडालेलं हरीण मी स्वतः पाहिलं आहे. ते कुठल्या टक्क्यात धरायचं?

मी धनुष्य स्वतः तासून बनवतो. ओसेज ऑरेंजचं लाकूड, ना चाकं ना दुर्बीण. त्यामुळे रानवाट, तुमचं ते चाकांचं यंत्र माझ्या लेखी अर्धी बंदूकच आहे, राग मानू नका. आणि क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं चाप ओढून सोडायचं आडवं धनुष्य, तर पाऊण! तुमच्या राज्यात २०१४ पासून तो सगळ्यांना खुला झाला. आता लोक सप्टेंबरातच चाप ओढतात आणि स्वतःला धनुर्धारी म्हणवतात.

तुमच्या राज्याचा मान मात्र मोठा. अमेरिकेतला धनुष्याचा पहिला वेगळा हंगाम १९३४ साली विस्कॉन्सिनमध्येच झाला. वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड तिथेच विद्यापीठात शिकवायचे आणि स्वतःची धनुष्यं स्वतः घडवायचे. लांबून मारता येत नाही म्हणून हरणाच्या सवयी, वारा, पायवाटा शिकाव्या लागतात. मला विचाराल तर मजा त्या शिकण्यात आहे, मरण्या-मारण्यात नाही.

---

तळ्यात_मळ्यात (एडिनबरा)

इकडे हा वादच नाही. ब्रिटनमध्ये धनुष्यबाणाने हरीण मारणं हा गुन्हा आहे. रायफलच हवी आणि तीही ठरावीक ताकदीच्या वरची. हायलँड्समध्ये लोक तांबड्या हरणामागे चिखलातून पोटावर सरपटत तास तास जातात, शेवटी बार दीड-दोनशे यार्डांवरून काढतात. जवळ जायला धनुष्यच लागतं असं नाही, ढोपरं असली की पुरे.

---

पानगळ

आपल्या पुराणांत हरणावर (किंवा शिकार समजून) सोडलेला बाण कधी धड गेलाय का? पंडूने मृग म्हणून मारला तो किंदम ऋषी, शाप घेऊन बसला. दशरथाने आवाजावर बाण सोडला, लागला श्रावणाला. रामाचा बाण बरोबर लागला, तर हरीण निघालं मारीच आणि इकडे सीता गेली. जरा व्याधाला हरणाचा कान दिसला, तो श्रीकृष्णाचा पाय होता. शंभर टक्के अपघात. त्यापुढे नौदलाचा तळ बराच म्हणायचा.

---

हातोडी

पानगळ :)

गंभीर एक सांगतो. अमेरिकेत गोऱ्या लोकांत धनुष्याची हौस पसरली त्याचं मोठं श्रेय इशी या माणसाला जातं. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला तो शेवटचा. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ भुकेला, एकटा सापडला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या संग्रहालयात राहिला. तिथे सॅक्सटन पोप नावाचा डॉक्टर त्याच्यावर उपचार करता करता त्याच्याकडून धनुष्य शिकला. १९१६ ला इशी क्षयाने गेला. आज ज्यांच्या नोंदवहीत मोठमोठ्या शिंगांचे विक्रम लिहिले जातात त्या पोप अँड यंग क्लबमधला पोप तो हाच.

आणि इशीची जमात संपली कशाने? वसाहतवाल्यांच्या बंदुकांनी. दोन हत्यारांची तुलना करताना हे माझ्या डोक्यातून जात नाही.

---

चिंचोके

गोष्ट चटका लावणारी आहे, पण तिचा इथे संबंध नाही. ती माणसं माणसांनी मारली. आपण विचारतोय की हरणाला कमी त्रास कशाने.

---

जागल (यवतमाळ)

सगळं वाचून काढलं. राजेहो, तुम्ही जवळ जायला झाडावर चढता, पोटावर सरपटता, आणि आमच्याकडे रोही (नीलगाई) न बोलावता येतात!

तूर फुलावर आली की मी नि भाऊ आळीपाळीने जागलीला जातो. मचाण आमचंही आहे, चार बल्ल्या नि वर पऱ्हाटीचा पाला. हातात रिकामा डबा नि काठी, कधी सुतळी बॉम्ब. रोही हरणात मोडत नाही, गाईत तर नाहीच, हे मला माहीत आहे. तूर खाताना तीही शास्त्र बघत नाही. दहा-बारांचा कळप एका रात्रीत आतून गेला की जेवढं खातो त्याच्या दुप्पट तुडवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हात लावता येत नाही. परवानगीची तरतूद कागदावर आहे, पण कागद हलेपर्यंत हरभरा संपतो.

मला थरार हा शब्दच कळला नाही. आमच्याकडे असते ती झोपमोड. बंदूक मिळाली तर चालवीन का, हे खरंच सांगता येत नाही. एकदा एक नर वीस पावलांवर येऊन उभा राहिला, टॉर्चमध्ये त्याचे डोळे हिरवे. मी डबा वाजवायचा विसरलो.

---

सुरंगी (सावंतवाडी)

आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेती संरक्षणाच्या परवान्याची. दारू ठासायची, छर्रे घालायचे, वर चिंधी कोंबायची. एकदा बार काढला की परत भरेपर्यंत डुक्कर पुढच्या गावात. मला वाटतं धनुष्य आणि बंदुकीच्या मधलं काही असेल तर ते हेच.

---

रानवाट

सुरंगी, गंमत म्हणजे इथे ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. नऊ दिवस संपले की लगेच दहा दिवस. तुमच्या आजोबांना आवडला असता.

चिंचोके, आवाजाचं गणित मान्य. म्हणूनच जवळ जायचं. आणि मांस वाया जात नाही. आमच्या भागात २००२ पासून हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे, म्हणून मानेतल्या गाठी तपासायला देतो, निकाल येईपर्यंत सगळं फ्रीजरमध्ये. मग कांदा-लसूण मसाल्यात. चरबी अजिबात नसते, तेल सढळ लागतं.

---

खरवस

मसाल्याचं राहू द्या. तुमचं मूळ लिखाण मी परत वाचलं. बाण दोनदा सोडला म्हणता. नाक, कान, सत्तर पावलं, सगळं पहिल्या वेळचं. दुसऱ्या हरणाचं काय झालं?

---

पानगळ

अरे हो की.

---

रानवाट

दोन दिवस उत्तर लिहून खोडतोय.

गेल्या वर्षी, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, संध्याकाळ. तरुण नर, ३१ यार्डांवर. आजोबांनी बजावलं होतं, तुझा नेम वीस यार्डांचा आहे, पुढे धनुष्य खाली ठेव. मी सोडला. चिंचोके म्हणतात तसंच झालं, ते दबलं आणि बाण मागे लागला. बाण उचलला तर हिरवट ओल आणि शेणाचा वास. म्हणजे पोट.

पोटात लागलं की आठ-दहा तास मागे जायचं नसतं. गेलात तर ते उठतं आणि आणखी लांब जाऊन मरतं. म्हणून घरी आलो. बायकोने विचारलं, मिळालं का? उद्या बघू म्हटलं. रात्री दोनला थर्मामीटर बघितला, तीनला परत बघितला. काय बघत होतो माहीत नाही. सकाळी आजोबा आणि मी ओढ्यापर्यंत माग काढत गेलो. तिथे माग संपला. ते काठीने पानं उलटत होते, मला एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कावळ्यांमुळे जागा कळली. मागचा भाग कोयोटींनी खाल्ला होता. नियमाप्रमाणे नोंद केली आणि त्या वर्षी पुन्हा मचाणावर गेलो नाही.

लिहिलं नाही, कारण एक गोष्ट कबूल करायची लाज वाटत होती. बाण सुटेपर्यंत थरार दोन्ही वेळेला अगदी सारखाच होता. तीच मांडी, तीच फांदी.

---

खरवस

लिहिलंत ते बरं केलंत. माझं मत बदललेलं नाही.

---

हातोडी

रानवाट, तुमच्या राज्यात पट्ट्याला बांधलेला माग काढणारा कुत्रा न्यायला परवानगी आहे. हंगामाआधीच असा कुत्रा पाळणारा कुणी गाठून ठेवा. ओढ्यापाशी माणूस थांबतो, कुत्रा थांबत नाही. आणि ३१ यार्ड हा गाढवपणा होता, मी केलेला आहे म्हणून सांगतो.

---

चिंचोके

मी तुमच्या जागी असतो तर धनुष्य विकलं असतं. पण मी तुमच्या जागी नाही. या वर्षी काय ठरलंय?

---

रानवाट

आजोबांनी अंगणात फोमचं हरीण आणून ठेवलंय. १८ यार्डांवर खुंटी ठोकलीय. रोज संध्याकाळी वीस बाण. त्या खुंटीपलीकडचं हरीण माझं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलंय. नोव्हेंबरात त्यांचीच रायफल घेऊन शेताच्या कडेला बसेन, त्यांचे गुडघे आता थंडी सोसत नाहीत आणि त्यांना मांस हवं असतं.

---

जागल

१८ यार्ड म्हणजे किती हो?

---

रानवाट

साडेसोळा मीटर. वीसेक पावलं धरा.

---

जागल

म्हणजे आमच्या बांधापासून मचाणापर्यंत. आज माझी पाळी आहे, निघतो.