खालच्या शेतात मुरूम टाकलाय, आमच्या भाताचं पाणी अडलंय. हरकत कुठं घ्यायची?

बेळगावच्या वडगाव शिवारात आमची ३२ गुंठे भातजमीन आहे, बळ्ळारी नाल्याच्या वर तीन बांधांवर. मे महिन्यात खालच्या शेतात एका बिल्डरनं प्लॉट पाडायला मुरूम टाकला, आमच्या बांधापेक्षा कमरेइतका उंच. आमच्या वाफ्यांतलं पाणी त्या शेतातनं नाल्याला जायचं, ती मोरीच बुजली. यंदा रोप आठ दिवस पाण्याखाली होतं. उपटून बघितलं तर मुळं काळी पडलेली, बोटात धरली की लगदा.

त्याच शेताच्या कोपऱ्यात टिटवीची चार अंडी होती, ढेकळांत ढेकळासारखी. जेसीबीवाल्याला मी जवळ नेऊन दाखवली. दुपारी जाऊन बघतो तर त्यावर ढीग.

वडील अजून बासमतीचा एक वाफा घरासाठी राखतात, भात निघालं की ओलीवर मसूर टाकतात. मला भरपाई नको, पाण्याची वाट मोकळी पाहिजे. कुणी असा अर्ज दिलाय का?

येळ्ळूरहून :
भाऊ, आधी त्या शेताचा उतारा काढा. जमीन बिगरशेती करायला १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याचं कलम ९५ आहे, त्याखाली परवानगी झालीय का बघा. झाली असली तरी तुमचा पाण्याचा हक्क जात नाही. वरच्या जमिनीत पडलेलं पाणी उतारानं खालच्या जमिनीत जाऊ द्यावं लागतं, हे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, कलम ७ मध्ये आहे. तहसीलदारांना अर्ज द्या, पोच घ्या, शिवाय वकिलाकडनं दिवाणी कोर्टात मनाई मागा. अर्ज कन्नडमध्येच लिहून घ्या. भाषेवरनं परत आला तर पावसाळा हातातनं जाईल. सडलेल्या रोपांचे फोटो आजच काढा.

शहापूरहून :
विकणाऱ्याला दोष देऊ नका. माझ्या चुलत्यांनी विकली, कारण लावणीला माणसं मिळेनात. पण २०२० साली कर्नाटक जमीन सुधारणा कायद्यातलं कलम ७९ अ आणि ब काढल्यापासून शेतकरी नसलेलाही जमीन घेतो, तिथनं दलालांच्या फेऱ्या सुरू झाल्या. आमचं शिवार म्हणजे पावसाचं पाणी थांबायची जागा. तीच भरली तर ते घरांतच शिरणार. दुसरं काय होणार?

खानापूरहून :
दादा, टिटवीचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं गवे उसात उतरतात. २०११ साली भीमगड अभयारण्य झालं, पण गव्याला हद्द कळत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात गोल्फ कोर्सावर बिबट्या आला तेव्हा शाळा बंद ठेवल्या होत्या. सगळे म्हणाले बिबट्या शहरात घुसला. शहर किती पुढं सरकलंय ते कुणी मोजलं नाही. अर्जात अंड्यांचंही लिहा.

वडगावहून (मूळ प्रश्न माझाच) :
उतारा काढला, त्यावर अजून शेतीच आहे. सोमवारी तहसीलला जातोय, येळ्ळूरच्या काकांचं सगळं लिहून घेतलंय. अंड्यांचंही घातलंय. वडिलांनी आज फावड्यानं मोरीचं तोंड उकरून बघितलं, हातभर खोल गेले तरी मुरूमच.